संत्र्याचं नवं कलम नागपूरच्या पहिल्या उन्हाळ्यातून कसं वाचवायचं

पावसाळ्यात लावलेलं कलम दिवाळीपर्यंत हिरवंगार दिसतं आणि आपण निर्धास्त होतो. त्याची परीक्षा मार्च ते जून. काटोल रोडकडच्या आमच्या वावरात पहिल्या वर्षी अकरा कलमं लावली होती, मे सरता सरता चार उरली. पाणी वेळेवर दिलं होतं, सावलीही केली होती. पण सावली चुकीच्या बाजूला होती, आणि हे समजायला मला आणखी एक उन्हाळा लागला.

फेब्रुवारीतच दोन कामं उरका. खोडाला पहिल्या फांदीपर्यंत बोर्डो मलम लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा, लोखंडी भांडं वापरू नका. दुसरं, आळं दुहेरी करा, म्हणजे खोडाभोवती मातीची भर आणि पाणी तिच्या बाहेरच्या गोलात. खोडाला पाणी टेकलं की आपल्या काळ्या जमिनीत डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागतोच. बाहेरच्या गोलात तीन-चार इंच कुटार (मळणीनंतरचा भुसा) किंवा तणस पसरा.

आता सावली. "दक्षिणेकडून आडोसा करा" असं जो तो सांगतो. मीही तेच ऐकलं आणि सात कलमं घालवली. दूर उत्तरेच्या थंड देशांत सूर्य वर्षभर दक्षिणेकडे कललेला असतो, तिथे ते बरोबर आहे. नागपूर २१ अक्षांशावर आहे. २६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य इथे नेमका डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते, आणि पुढे जुलैच्या मध्यापर्यंत तो थोडा उत्तरेकडूनच जातो. म्हणजे ऐन नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दक्षिणेच्या ताटीची सावली झाडावर पडतच नाही. दुपारी तीनचं ऊन पश्चिमेकडून, तेही किंचित उत्तरेकडे सरकून येतं. गरम वाऱ्याच्या झळाही त्याच अंगाने येतात. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तशा दिवशी कोवळं पान दोन तासांत करपतं.

म्हणून चार खुंट्या रोवा. झाडाच्या शेंड्यापासून किमान एक फूट उंच छप्पर करा. पश्चिमेला जमिनीपासून छपरापर्यंत ताटी बांधा आणि ती उत्तरेकडे दीड-दोन फूट वळवून आणा. मार्चमधलं कलतं ऊन अडवायला छपराची कड दक्षिणेकडे थोडी पुढे काढली की पुरे. पूर्व बाजू पूर्ण उघडी ठेवा. सकाळचं ऊन झाडाला हवंच, त्याच वेळात ते अन्न तयार करतं. बांधून झाल्यावर दुपारी तीनला तिथे स्वतः जाऊन उभं राहा. एकाही पानावर थेट ऊन दिसलं तर ताटी सरकवा. एप्रिलअखेर पुन्हा एकदा बघा, कारण तोवर सूर्य सरकलेला असतो.

ताटीला तुराट्या (तुरीच्या वाळल्या काड्या) सगळ्यांत चांगल्या, फटींतून हवा खेळती राहते. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळल्या काड्या) वापरू नका, उरल्यासुरल्या बोंडांतून गुलाबी अळी वावरात येते. हिरवी जाळी छपराला चालेल, पण ती झाडाला गुंडाळणं म्हणजे झाड उकडणं. प्लास्टिकचा कागद तर अजिबात नको.

दुसरी चूक जूनमध्ये होते. पहिला पाऊस पडला की लोक हौसेने सगळं छप्पर उपटतात. मग आठ-दहा दिवस उघाड पडते, ऊन पुन्हा चढतं आणि चार महिने सावलीत राहिलेली पानं दोन दिवसांत पांढरी पडतात. पाऊस नीट बसू द्या. जुलैत ढगाळ दिवस पाहून आधी ताटी काढा, आठवड्याने छप्पर.

पाणी पहाटे द्या, कुटाराखाली बोट घालून ओल बघूनच. पावसात आळं फोडून पाण्याला वाट करून द्या.

फेब्रुवारी-मार्चात गारा पडल्या तर मोडलेल्या फांद्या स्वच्छ कापा आणि लिटरला ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक फवारा. डिसेंबरात कडाक्याची थंडी सांगितली असेल तर संध्याकाळी हलकं पाणी द्या.

आणि एक. उन्हाने वरचा शेंडा वाळलेल्या कलमाला पावसाळ्यात खालून जोमदार हिरवी फूट येते, घरातले खूश होतात. ती कुठून आली ते वाकून बघा. जोडाच्या, म्हणजे कलम बांधलेल्या जागेच्या, खालून असेल तर ती खुंटाची, म्हणजे ज्यावर संत्रं बांधलं त्या जंबेरी लिंबाची आहे. लगेच खुडा. जोडाच्या वर एकही डोळा हिरवा दिसत नसेल तर ते कलम गेलं, त्याच पावसात तिथे दुसरं लावा.