व्हिडिओ कॉलवरचा व्यायाम पार्टनर: कोणाला पकडायचं आणि नियम काय ठेवायचा

घरात मॅट पडलीये, डंबेल्स आहेत, यूट्यूबवर व्हिडिओंचा ढीग आहे आणि तरी व्यायाम होत नाही, तर आणखी एक ॲप टाकून काही होणार नाही, सोबत हवी. ती शेजारचीच हवी असं नाही, स्क्रीनवरची पण चालते, फक्त नीट निवडायची.

बहुतेक जण आपल्याइतकाच आळशी मित्र पकडतात आणि मग दोघं मिळून दांडी मारतात. पार्टनर आपल्यापेक्षा थोडा सरस पाहिजे. थोडाच हां, मॅरेथॉनवाला पकडलात तर चार दिवसांत त्याचा फोन उचलायचं बंद कराल. 1920च्या दशकात जर्मनीत ऑटो कोहलर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं रोइंगवाल्यांना जोडीनं वजन उचलायला लावलं, तर जोडीतला कच्चा गडी एकट्यानं टिकायचा त्यापेक्षा जास्त टिकला, कारण त्यानं सोडलं की दोघांचं संपणार. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत डेबोरा फेल्ट्झ यांच्या टीमनं 2011मध्ये हेच प्लँकवर (कोपरं आणि पायाची बोटं टेकवून अंग फळीसारखं सरळ धरून ठेवायचं) करून बघितलं, पार्टनर स्क्रीनवर, तोही खरं तर रेकॉर्डिंग, आणि तरी पार्टनरवाले एकट्यांपेक्षा सरासरी 24 टक्के जास्त वेळ टिकले!

म्हणून नियम हाच ठेवा. कॉल लावायचा, प्लँक नाहीतर वॉल सिट (भिंतीला पाठ टेकून खुर्चीशिवाय खुर्चीत बसल्यासारखं थांबायचं) एकदम सुरू करायचं, आणि ज्याचा गुडघा आधी टेकला किंवा जो आधी उठला तिथे दोघांचं थांबलं. आपल्यामुळे समोरच्याचं थांबेल ही टोचणी बाकी कुठल्याही मोटिव्हेशनल रीलपेक्षा भारी. नुसतं "केलं का रे" असं व्हॉट्सॲपवर विचारण्यात ती मजा नाही, तिथे थाप मारता येते. त्यामुळे कॅमेरा चालूच पाहिजे, फोन आडवा करून जमिनीवर पाण्याच्या बाटलीला टेकवा म्हणजे अख्खं शरीर दिसतं.

वेळ एकदाच ठरवा, रोज विचारत बसू नका. बहीण न्यू जर्सीला असेल तर आपले सकाळचे सहा म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे साडेआठ, पण नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसात होतात, तेव्हा बरोबर तिच्या जेवणाच्या वेळेत कॉल जातो.

माणूसच मिळत नसेल तर गार्मिनच्या बऱ्याच घड्याळांत व्हर्च्युअल पार्टनर असतो, आपला पळण्याचा वेग किलोमीटरला सात मिनिटं असेल तर त्याला सहा पन्नासवर सेट करा, आपण किती मागे पडलोय ते तो दाखवत राहतो. सायकलवाल्यांना झ्विफ्ट या घरबसल्या सायकलिंगच्या ॲपवर ठरलेल्या जोरानं पेडल मारणारे आभासी सोबती, म्हणजे रोबोपेसर आहेत, पण त्यासाठी स्मार्ट ट्रेनर (सायकल बसवून ॲपला जोडायचा स्टँड) घ्यायचा म्हणजे खर्चिक प्रकरण, आधी कॉलवर निभतंय का बघा.

आणि हो, पाठीत, गुडघ्यात, छातीत दुखायला लागलं तर नियम गेला खड्ड्यात, सरळ थांबायचं, दोघांचं संपलं तर संपलं.