तागालोग समजते पण बोलता येत नाही? फिलिपिनो घरातल्या मुलांनी (आणि आईबापांनी) या चुका टाळा

डेली सिटी, सॅन दिएगो, व्हँकुव्हर, विनिपेग. फिलिपिनो वस्ती असलेल्या कुठल्याही गावात तिथेच वाढलेल्या पोरांना विचारा, तागालोग येते का? उत्तर ठरलेलं असतं: समजते, पण बोलता येत नाही. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत मराठीबद्दल हेच ऐकू येतं, त्यामुळे आपल्याला त्याचं नवल वाटू नये. अमेरिकेत इंग्रजीखेरीज घरात बोलल्या जाणाऱ्या भाषांमध्ये स्पॅनिश आणि चिनी यांच्या मागोमाग तागालोगचा नंबर लागतो, म्हणजे भाषा कानावर पडत नाही अशातला भाग नाही. पडते, पण एकाच दिशेने. जेव, इकडे ये, ते उचल, दार लाव, हात धू. मुलाला भाषा मिळते ती वरून खाली येणारी. खालून वर काय बोलायचं, आणि घडून गेलेली गोष्ट सांगायची कशी, हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं.

मी ज्या इस्पितळात काम करते तिथल्या बऱ्याच नर्सेस फिलिपिनो आहेत आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या पोरांच्या भाषेचा विषय हमखास निघतो. या मुलांच्या चुका परक्या माणसाच्या चुकांपेक्षा वेगळ्या असतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

घरात बोलतात ती तागालोगच आहे का?

हे आधी तपासा. फिलिपिन्समध्ये दीडशेहून जास्त भाषा आहेत. 1937 मध्ये राष्ट्रभाषेचा पाया म्हणून तागालोग निवडली गेली, 1959 मध्ये त्या राष्ट्रभाषेला ‘पिलिपिनो’ म्हणू लागले आणि 1987 च्या राज्यघटनेत ती ‘फिलिपिनो’ झाली. पण घरात कोण काय बोलतं ते गावावर ठरतं. हवाईच्या उसाच्या मळ्यांवर 1906 पासून जे मजूर गेले, त्यांना साकादा म्हणत. त्यांच्यात पुढे बहुसंख्य इलोकानो भाषा बोलणारे होते. त्यामुळे हवाईतल्या एखाद्या मुलीने तागालोगचं पुस्तक आणून आजीशी बोलायला सुरुवात केली, तर आजी तिच्याकडे बघतच राहील. आई सेबूची आणि वडील पांगासिनानचे असतील तर दोघांची सामाईक भाषा तागालोग असते, पण ती दोघांचीही शिकलेली भाषा, शिवाय त्यात अर्धं इंग्रजी.

ओळखायचं कसं? घरातली मोठी माणसं वैतागली की ‘का?’ कसं विचारतात ते ऐका. ‘बाकित’ म्हणाली तर तागालोग, ‘आपाय’ म्हणाली तर इलोकानो, ‘न्गानो’ म्हणाली तर सेबुआनो, म्हणजे लोक जिला बिसाया म्हणतात ती. भांडणात माणूस दुसऱ्याची भाषा वापरत नाही.

ही सरमिसळ वेळीच कळली नाही तर फजिती होते. ‘लांगगाम’ म्हणजे तागालोगमध्ये मुंगी आणि सेबुआनोत पक्षी. हे एक वेळ चालेल. पण सेबूकडे ‘लिबोग’ म्हणजे डोक्याचा गोंधळ आणि मनिलाकडे त्याच शब्दाचा अर्थ कामवासना. आईकडून शिकलेला हा शब्द मुलाने मनिलाच्या मावशीसमोर वापरला, की पुढचं सांगायला नको.

माझं मत विचाराल तर आजी इलोकानो बोलत असेल तर आधी इलोकानो शिका. हवाई विद्यापीठाच्या मानोआ आवारात ती रीतसर शिकवलीही जाते. तागालोगने टीव्हीवरच्या मालिका कळतील, मनिलात टॅक्सीवाल्याशी बोलता येईल, आजीशी नाही.

‘एक, दोन, तीन’पासून सुरुवात

ज्या मुलाला आईच्या फोनवरच्या अख्ख्या गप्पा कळतात, त्याला रंग आणि फळांची नावं घोकायला लावली तर तो दुसऱ्या तासाला पळून जातो. त्याला शब्द कमी पडत नाहीत. त्याचं अडतं क्रियापदापाशी.

माशाने मला खाल्लं

इथे जरा थांबायला हवं, कारण खरी गाठ इथेच आहे.

मुलाला सांगायचं असतं, मी मासा खाल्ला. ‘किनाइन’ म्हणजे खाल्लं, ‘आको’ म्हणजे मी, ‘इस्दा’ म्हणजे मासा, हे सगळे शब्द त्याच्याकडे असतात. ते तो इंग्रजीच्या हिशेबाने जुळवतो: ‘किनाइन आको नांग इस्दा.’ झालं, माशाने याला खाल्लं! बरोबर वाक्य ‘किनाइन को आंग इस्दा’, किंवा नुसतं ‘थोडा मासा खाल्ला’ असं म्हणायचं असेल तर ‘कुमाइन आको नांग इस्दा’.

तागालोगमध्ये क्रियापदाला जोडलेला तुकडा सांगतो की वाक्याचा मानकरी कोण: खाणारा, खाल्लेली वस्तू, खाण्याची जागा, की ज्याच्यासाठी केलं तो माणूस. मानकऱ्याच्या आधी ‘आंग’ लागतं. ‘मी’ मानकरी असला तर ‘आको’, नसला तर ‘को’. इंग्रजीत वाढलेल्या पोराला हे विचित्र वाटतं. मराठी माणसाला तितकं वाटू नये. ‘मी भात खाल्ला, मी पोळी खाल्ली’ म्हणताना आपलंही क्रियापद खाणाऱ्याला सोडून ताटातल्या पदार्थाकडे बघतंच की. आपण हे भूतकाळापुरतं करतो, तागालोग सगळ्याच काळांत करते.

पुस्तकं बहुतेक ‘कुमाइन’सारख्या, म्हणजे करणाऱ्याला मान देणाऱ्या रूपांपासून सुरू होतात. घरात वाढलेल्या मुलांसाठी हा क्रम उलटा आहे असं मला वाटतं. त्यांनी जन्मभर ऐकल्या आहेत त्या आज्ञा, आणि आज्ञा बहुतेक वस्तूला मान देणाऱ्या असतात: ‘हुगासान मो आंग पिंग्गान’, ताटल्या धू. ‘लिनिसिन मो’, साफ कर. ‘इसारा मो आंग पिंतो’, दार लाव. सगळ्यात अवघड रूपं मुलाच्या कानात आधीच बसलेली आहेत, फक्त ती आज्ञेच्या साच्यात अडकली आहेत. ती सोडवायची.

‘हुगासान’ घ्या. पहिल्या व्यंजनानंतर ‘इन’ घातलं की झालेली गोष्ट: ‘हिनुगासान को’, मी धुतलं. त्यातच पहिलं अक्षर पुन्हा म्हटलं की चालू असलेली: ‘हिनुहुगासान को’, धुतोय. ‘इन’ काढून टाकलं आणि अक्षराची पुनरुक्ती तेवढी ठेवली की व्हायची गोष्ट: ‘हुहुगासान को’, धुईन. आईने ‘ताटल्या धू’ म्हटलं की उत्तर द्यायला तीन वाक्यं तयार. ‘धुतोय’ हे सगळ्यात जास्त कामाला येतं, विशेषतः धूत नसताना.

सगळीच क्रियापदं इतकी सरळ नाहीत. ‘आण, घे’ या अर्थाचं ‘कुनिन’ झालेल्या गोष्टीत ‘किनूहा’ होतं. त्याचं मूळ ‘कूहा’ आहे हे माहीत नसेल तर पत्ता लागत नाही. पण घरात ऐकलेल्या दहा-पंधरा आज्ञा कागदावर उतरवून प्रत्येकीची तीन रूपं आईकडून वदवून घ्या. कुठल्याही शब्दसंग्रहापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

आजीला ‘तू’

आमच्याकडे निवृत्तीला आलेल्या एक नर्स आहेत. त्यांना सगळे तिता, म्हणजे मावशी म्हणतात. इथेच जन्मलेली एक नवी मुलगी त्यांच्यासमोर पान्सितची ताटली सरकवत प्रेमाने म्हणाली, ‘कुमाइन का ना?’ जेवलीस का? बाई हसून म्हणाल्या, ‘माझी आई मला असंच विचारायची.’ मुलीला काय चुकलं ते कळलं नाही. कळणार कसं? तिला आयुष्यभर असंच विचारलं गेलं होतं, तेच तिने परत केलं.

मोठ्यांना विचारायचं ते ‘कुमाइन ना पो बा कायो?’ असं. ‘का’च्या जागी अनेकवचनी ‘कायो’, आपल्या तुम्हीसारखं, आणि वर आदराचा ‘पो’. नुसता ‘पो’ शिंपडून ‘का’ तसाच ठेवला तर ते ‘आजोबा, तू जेवलास का हो’ सारखं ऐकू येतं. होकाराला ‘ओपो’, नकाराला ‘हिंदी पो’. वयाने थोड्या मोठ्या बाईला ‘आते’, पुरुषाला ‘कुया’, मग तो सख्खा भाऊ असो की दुकानदार. आपण भाजीवाल्याला दादा म्हणतो, त्यातलाच प्रकार.

सेबुआनोत ‘पो’ला समांतर शब्द नाही. तेव्हा बिसाया घरातल्या पोराने ‘पो’ म्हटलं नाही म्हणून त्याला वळण नाही असं ठरवून मोकळे होऊ नका.

हसू नका, आणि पाहुण्यांसमोर बोलायला लावू नका

ही चूक मोठ्यांची, आणि माझ्या मते बाकी सगळ्या मिळून करतात त्याहून जास्त नुकसान हीच करते. सुट्टीत फिलिपिन्सला गेलेलं पोर तोंड उघडतं, आणि चुलत भावंडं फिसकन हसतात. अमेरिकी हेल असला की तिकडे ‘स्लँग’ म्हणतात, मोडकंतोडकं बोललं की ‘बारोक’. त्यात वाईट हेतू नसतो. पण दोनदा हसलं की तिसऱ्यांदा पोर इंग्रजीत उत्तर देतं, आणि ते कायमचं.

यामागे इतिहास आहे. अमेरिकी राजवटीत फिलिपिन्समधल्या शाळा इंग्रजीतून सुरू झाल्या. 1901 मध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून शिक्षकांची मोठी तुकडी मनिलात उतरली, तिच्यावरून त्या शिक्षकांना थॉमसाइट्स म्हणू लागले. पुढे कित्येक शाळांत आपली भाषा बोललं की दंड भरावा लागे. 1965 च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर नर्सेस, डॉक्टर, इंजिनियर मोठ्या संख्येने आले ते हे संस्कार घेऊनच. वर इथल्या काही शिक्षकांनी सांगितलं, घरात दोन भाषा ठेवल्या तर मुलाचा गोंधळ होईल. दोन भाषांनी मूल मागे पडत नाही हे आता पुरेसं सिद्ध झालंय, पण तोवर एक पिढी गेली.

मूल ‘किनाइन आको नांग इस्दा’ म्हणालं तर हसायचं नाही, थांबवायचंही नाही. ‘आ, किनाइन मो आंग इस्दा! मासाराप बा?’ असं म्हणायचं. अच्छा, मासा खाल्लास! छान होता का? बरोबर वाक्य कानावर पडलं आणि गप्पाही पुढे गेल्या. ‘तिताला तागालोगमध्ये बोलून दाखव’ हे तर मुळीच नको. काकांना श्लोक म्हणून दाखवायला लावलेल्या मराठी मुलांना हे जास्त समजावून सांगायला नको.

पुस्तकी शुद्धपणा

‘आको आय पुपुंता सा बाहाय’ व्याकरणात बसतं, पण प्रत्येक वाक्य असं बोललं तर भाषण चाललंय असं वाटतं. रोजचं ‘पुपुंता आको सा बाहाय’. तसंच विमानाला ‘सालिपावपाव’ म्हणायला जाऊ नका. शुद्धीकरणवाल्यांनी घडवलेला तो शब्द लोक आता थट्टेत वापरतात. विमान ‘एरोप्लानो’च.

इंग्रजी शब्द आला म्हणून मुलाला टोकू नका. ‘नाग-ड्राइव्ह आको’, ‘ना-लेट आको’, ‘इ-टेक्स्ट मो आको’ ही वाक्यं मनिलातही अशीच बोलतात, आणि त्यांत तागालोगचे प्रत्यय चोख लागले आहेत. मात्र सगळं वाक्य इंग्रजी आणि मध्ये एखाददुसरं तागालोग क्रियापद, हा मनिलाच्या श्रीमंत शाळांतला ‘कोन्यो’ थाट. तो उचललात तर चेष्टा होईल, आणि ती रास्त असेल.

किरकोळ, पण रोजच्या

‘तायो’ म्हणजे आपण, ‘कामी’ म्हणजे आम्ही. इंग्रजीत हा फरकच नाही, म्हणून मुलं सरसकट ‘तायो’ वापरतात आणि ‘आम्ही जेवायला निघालोय’ असं सांगताना समोरच्यालाही आमंत्रण देऊन बसतात.

‘सूका’ म्हणजे ओकारी. तोच शब्द शेवटी घसा झटकन बंद करून म्हटला की व्हिनेगर. हा फरक रोजच्या लिखाणात दाखवत नाहीत, कानानेच पकडावा लागतो. ‘आसो’त जोर पहिल्या अक्षरावर असेल तर कुत्रा, दुसऱ्यावर असेल तर धूर.

आकडे ‘इसा, दालावा, तातलो’ असे पाठ केले तरी वेळ स्पॅनिशमध्येच सांगतात: तीन वाजता म्हणजे ‘आलास त्रेस’. वय आणि किंमतही बरेचदा स्पॅनिश नाहीतर इंग्रजी आकड्यांत.

आणि बायबायिन. आपल्या मुळांचा शोध घेणाऱ्या तरुणांमध्ये या जुन्या लिपीचं टॅटू काढायची हौस आहे. ही लिपी आपल्या देवनागरीची लांबची नातलग, दोघी ब्राह्मीच्या घराण्यातल्या. अक्षरात ‘अ’ अंगचाच असतो, वर खूण केली की इ किंवा ए, खाली केली की उ किंवा ओ. पण जुन्या पद्धतीत शब्दाच्या शेवटचं व्यंजन लिहीतच नसत. पाय मोडायची खूण 1620 च्या सुमारास फ्रान्सिस्को लोपेस या स्पॅनिश धर्मगुरूने आणली. इंग्रजी अक्षराला बायबायिन अक्षर लावून देणाऱ्या फाँटमध्ये नाव टाकलं की प्रत्येक व्यंजनाला नको तिथे ‘अ’ लागतो, आणि ‘मार्क’ दंडावर ‘माराका’ होऊन बसतो. आधी कागदावर लिहा, लिपी येणाऱ्या दोघांना वेगवेगळं वाचायला द्या, आणि दोघांनी एकच नाव वाचलं तरच सुईवाल्याकडे जा.