वसंतातील शालेय सूचना आणि मुलांची हजेरी कशी सांभाळावी

वसंत ऋतू लागला की सहल, क्रीडादिन आणि पालकसभा यांच्या सूचना एकामागून एक येऊ लागतात. त्या मिळतील त्याच दिवशी दिनदर्शिकेवर नोंदवाव्यात, कारण दप्तराच्या तळाशी चुरगळलेली चिठ्ठी बहुधा कार्यक्रम उरकल्यावरच हाती लागते. महिन्याकाठी दोन दिवसांची रजा किरकोळ वाटते खरी. परंतु १८० दिवसांच्या शालेय वर्षात दहा टक्के, म्हणजे १८ दिवस बुडाले, तर अनेक ठिकाणी ती चिंताजनक गैरहजेरी मानली जाते, मग कारण आजारपणाचे असो वा प्रवासाचे. ताप असल्यास मुलाला अर्थातच घरी ठेवावे आणि शाळा भरण्यापूर्वी नाव, इयत्ता व कारण कळवावे. दंतवैद्याची वेळ मात्र शक्यतो शाळा सुटल्यानंतरचीच घ्यावी.