निकालाच्या तक्त्यात युती-आघाडी कशी दाखवायची

पहिल्यांदा तारीख पक्की करा. मतदानाच्या दिवशी कोण कोणासोबत लढत होतं तेच धरायचं, नंतर कोण कोणाच्या बंगल्यावर जाऊन आलं ते नाही. २०१४ च्या विधानसभेला भाजप १२२ आणि शिवसेना ६३, दोघं एकमेकांविरुद्ध लढले आणि सरकारात एकत्र आले डिसेंबरात, म्हणजे निकालाच्या तक्त्यात १८५ लिहिलंत की लोकांनी न दिलेला कौल तुम्हीच देऊन टाकलात. २०१९ ला उलटं, १०५ आणि ५६ मिळून १६१ हा युतीचाच आकडा, भले महिन्याभरात सेना दुसरीकडे गेली. पहाटेचा शपथविधी, २८ नोव्हेंबरचं आघाडी सरकार, हे सगळं सांगायचं पण खाली वेगळ्या ओळीत, तारखेसकट.

पक्षांचे आकडे आधी, बेरीज नंतर. निवडणूक आयोगाची साइट पक्षवार आकडे देते, बेरीज आपण करतो म्हणून घोळही आपलाच. २०२४ च्या विधानसभेला महायुतीचे तीन मोठे पक्ष, भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१ म्हणजे २३०, छोटे मित्रपक्ष धरले की आकडा वाढतो, तसंच महाविकास आघाडीचं, ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १० मिळून ४६ आणि छोटे धरले की जास्त. काहीही धरा, पण दोन्हीकडे एकच नियम लावा आणि तक्त्याखाली लिहा, कारण एका बाजूला सगळी पिल्लं मोजायची आणि दुसरीकडे फक्त मोठी तिघं, ही लबाडी (कधी नुसता आळस) खूप चालते. मित्रपक्षाचा माणूस कमळावर लढला असेल तर तो भाजपच्या ओळीत, टीप टाकली की झालं.

अपक्षांना घाईघाईत कुठे ढकलू नका. सांगलीत २०२४ च्या लोकसभेला विशाल पाटील अपक्ष निवडून आले, पाठिंबा काँग्रेसला दिला तो निकालानंतर, म्हणून देशाच्या तक्त्यात काँग्रेस ९९ च.

मतांच्या टक्क्यांत तर अजून सांभाळा. इंडिया आघाडी देशभर एक म्हणून दाखवता येते पण वायनाडला राहुल गांधींसमोर भाकपच्या अॅनी राजा उभ्या होत्या, मग केरळात काँग्रेस आणि डाव्यांची मतं एकत्र करून कसला टक्का काढणार? राज्यात समोरासमोर लढले असतील तर तिथे वेगळेच दाखवा.

मागच्या वेळेशी तुलना हा सगळ्यात अवघड भाग. २०१९ च्या विधानसभेला सेना ५६, २०२४ ला शिंदेंची सेना ५७, मग '+१' लिहायचं? आयोगाने नाव आणि धनुष्यबाण फेब्रुवारी २०२३ मध्ये शिंदे गटाला दिलं म्हणून कागदावर पक्ष तोच, पण ठाकरेंचे २० कुठून आले ते वाचणाऱ्याला कळायला नको? फुटलेल्या पक्षांपुढे फरकाचा रकाना मी रिकामाच ठेवतो आणि खाली दोन वाक्यं लिहितो, राष्ट्रवादीचंही तेच.

आणि हो, एकाला 'युती' आणि दुसऱ्याला 'कडबोळं' म्हणू नका, दोन्हीकडे पक्षांची नावं पूर्ण द्या.