दागिन्याची कडी: योग्य निवड आणि पक्की जोडणी

घरी केलेला दागिना तुटला असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा काहीच तुटलेले नसते. मणी शाबूत असतात, पदक शाबूत असते. दोन भागांना जोडणारी एक बारीक कडी तेवढी केसभर उघडलेली असते आणि त्या फटीतून झुमका कधीच निसटून गेलेला असतो. जोडीदार हरवलेल्या अशा झुमक्यांची एक डबी माझ्याकडे आहे. त्यातल्या पहिल्याचा जोडीदार मामेबहिणीच्या हळदीत हरवला. मोत्यांच्या ओवणीवर मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या आणि कड्या मात्र हाताला लागतील त्या पाकिटातून घेऊन बोटांनीच दाबून टाकल्या होत्या.

बाजारात जिला ‘जंप रिंग’ म्हणतात ती ही कडी म्हणजे एका ठिकाणी कापलेले तारेचे वेटोळे. ती विकत घेताना दोन मापे पाहावी लागतात, तारेची जाडी आणि कडीचा व्यास, आणि दोन्ही मापांत फसगत होऊ शकते. तयार कड्यांच्या पाकिटावर ‘५ मिमी’ लिहिलेले असते ते बहुधा बाहेरचे माप असते. तार १ मिमी जाड असेल तर आत जागा उरते फक्त ३ मिमी, आणि त्यात जाड साखळीचा दुवा व झुमक्याचा आकडा दोन्ही मावत नाहीत. जाडीच्या बाबतीत दुकानदार गेज, म्हणजे जाडीचा क्रमांक, सांगतो, पण गेजच्या दोन पद्धती चालू आहेत. ब्रिटिश पद्धतीची २० गेजची तार सुमारे ०.९१ मिमी असते, तर अमेरिकी पद्धतीची ०.८१ मिमी. म्हणून भुलेश्वरात घ्या की पुण्याच्या बोहरी आळीत, माप मिलिमीटरमध्येच विचारावे. जमल्यास डिजिटल व्हर्नियर, म्हणजे जाडी-व्यास अचूक मोजणारे साधन, सोबत न्यावा.

दशांश मिलिमीटरच्या फरकासाठी एवढी घासाघीस कशाला, असे वाटू शकते. परंतु कडी उघडायला लागणारा जोर तारेच्या जाडीच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो. तार ०.८ मिमीऐवजी १ मिमी घेतली, तर जाडी सव्वापट होते, पण कडीचा दम जवळजवळ दुप्पट होतो. उलट तार तीच ठेवून आतला व्यास ४ मिमीचा ८ मिमी केला, तर तो दम जवळजवळ निम्म्यावर येतो. मोठी, नाजूक कडी दिसायला सुरेख असली तरी भार पेलण्याचे काम तिच्यावर टाकू नये. मी स्वतः हलक्या कानातल्यांना ०.८ मिमी तारेची आणि आतून ३ ते ४ मिमीची कडी वापरते. ब्रेसलेटला, हाराच्या फाशाला आणि जड पदकाला १ मिमीपेक्षा बारीक तार लावत नाही. ब्रेसलेटचा उल्लेख मुद्दाम केला. ते पर्सच्या पट्ट्यात अडकते, ओढणीत गुंतते, आणि गळ्यातल्या हारापेक्षा कितीतरी जास्त हिसके सहन करते. मोत्याच्या बारीक छिद्रातून जाड कडी जाणार नाही हे खरे, पण त्यासाठी बारीक कडी शोधू नये. मोती पिनेवर घेऊन पिनेच्या टोकाचा डोळा वळवावा आणि कडी त्या डोळ्यात घालावी.

धातूची निवड तुलनेने सोपी आहे. ॲल्युमिनियमच्या कड्या हलक्या आणि रंगीत मिळतात, पण फार मऊ असतात, त्यामुळे शोभेपुरत्याच ठीक. पितळ आणि तांबे हाताळायला चांगले. ९२.५ टक्के शुद्ध चांदीची तार घ्यायची असेल तर ‘अर्धकडक’ मागावी, कारण पूर्ण मऊ तारेची कडी बंद करायला सोपी तशीच उघडायलाही सोपी असते. स्टेनलेस स्टील सर्वांत दमदार, मात्र बोटे आणि पकडी दोघांची परीक्षा पाहते. स्वस्त, मुलामा दिलेल्या कड्यांजवळ चुंबक नेऊन पाहावा. त्या जोरात चिकटल्या तर आत लोखंड आहे असे समजावे. मुलामा झिजला की घामाने आणि कोकणातल्या दमट हवेने तिथेच गंज धरतो. ज्यांच्या कानाच्या पाळ्यांना खाज सुटते, त्यांच्यासाठी निकेल नसलेला माल आवर्जून विचारावा.

कडीचा काप पाहणे बरेच जण विसरतात. साध्या कातरीने कापलेल्या तारेची दोन्ही टोके निमुळती होतात. ती एकमेकांना फक्त एका धारेवर टेकतात आणि मध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच राहते, मग तुम्ही कितीही दाबा. करवतीने कापलेल्या कडीची टोके सपाट असतात आणि पूर्ण पृष्ठभागाने भेटतात. घरी कड्या करायच्या असतील तर विणकामाची सुई हाताशी असतेच. ४ मिमीच्या सुईवर ०.८ मिमी तार घट्ट गुंडाळली, की सुमारे ४ मिमी आतल्या व्यासाची कडी मिळते, आणि एका कडीला साधारण १५ मिमी तार लागते. वेटोळे सुईवरून काढून सोनारी करवतीच्या बारीक पात्याने उभे कापावे.

आता प्रत्यक्ष जोडणी. त्यासाठी आतून गुळगुळीत तोंडाच्या दोन पकडी हव्यात. दातेरी पक्कड धातूवर ओरखडे पाडते आणि मुलामा उडवते. कडी अशी धरावी की काप बरोबर वर येईल, आणि दोन्ही बाजूंनी पकडीची तोंडे जमेल तितकी जास्त तार कवेत घेतील. नुसत्या टोकाने धरले तर कडी घसरते आणि तिचा आकार बिघडतो. मग उजवे टोक स्वतःकडे आणि डावे टोक स्वतःपासून दूर, अशी कडी बाजूला पिळावी. टोके कधीही डावी-उजवीकडे ओढून फाकवू नयेत. तसे केल्यास वर्तुळ अंड्यासारखे होते आणि पुन्हा कधीच धड गोल होत नाही. जोडायचा भाग आत जाईल इतकीच फट करावी.

बंद करताना तीच हालचाल उलट करायची असते, पण टोके समोरासमोर आली की थांबायचे नाही. धातू वाकवल्यावर किंचित मागे येतो, म्हणून टोक पलीकडे तारेच्या अर्ध्या जाडीइतके पुढे न्यावे, मग परत आणून अलीकडे थोडे पुढे न्यावे, आणि हे करत असताना दोन्ही पकडींनी आतल्या बाजूला हलका दाब ठेवावा. दोन-तीन फेऱ्यांत टोके एकमेकांवर घासू लागतात. ती खरखर पकडीच्या दांड्यातून बोटांना जाणवते, आणि शेवटच्या फेरीत टोके समोरासमोर येताना बारीक ‘टक्’ असा आवाज येतो. हा आवाज आला म्हणजे टोके आतून दाबाखाली एकमेकांना टेकली आहेत. याच हालचालीने तार थोडी कडकही होते. मात्र एकच कडी दहादा उघड-मीट केली, तर ती कडक होता होता ठिसूळ होऊन तडकते. दोन-तीनदा चुकल्यावर सरळ नवी कडी घ्यावी.

डोळ्यांवर विसंबू नये. जोडावरून नख फिरवून पाहावे. नख अडले तर टोके एका पातळीत नाहीत. मग कडी उजेडासमोर धरावी, आणि शेवटी शिवणकामाचा दोरा जोडावर आडवा ठेवून ओढावा. दोरा आत गेला तर एक दिवस साखळीही जाईल. कडीतली कापाची जागाही महत्त्वाची आहे. लटकणाऱ्या भागाचा भार जिथे येतो, तिथून काप बाजूला ठेवावा. कडी पुढे फिरतेच, म्हणून हा उपाय मदतीपुरताच समजावा.

जोडावर सुपरग्लूचा थेंब टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात. मला तो पटत नाही. तो गोंद ठिसूळ असतो, हिसक्याने सुटतो, आणि त्याच्या वाफेने जवळच्या चकचकीत मण्यांवर पांढरट धुरकटपणा येतो.

दोरा, रेशीम किंवा मण्यांची बारीक वायर जिथे थेट कडीत बांधायची असते, तिथे काप असलेली कडी कितीही नीट बंद केली तरी चालत नाही. दोरा फटीत सरकतो, किंवा तिच्या धारेवर घासून झिजतो. पटवेकरी पद्धतीने रेशमात गाठवलेल्या तन्मणीसारख्या दागिन्याला म्हणूनच अखंड, झाळलेली (वितळलेल्या धातूने जोड बुजवलेली) कडी लागते. झाळायची सोय नसेल तर किल्लीच्या जुडग्यासारखी दुहेरी वेटोळ्याची कडी घ्यावी. ती जाडजूड दिसते, पण दोरा सोडत नाही.

चांदीची कडी झाळायची असेल, तर वर सांगितलेली पक्की मीट अधिकच आवश्यक ठरते, कारण वितळलेली झाळ केसाएवढ्या फटीत आपोआप ओढली जाते, पण रुंद फट ओलांडत नाही. जोडावर टाकणखाराचे पाणी लावून झाळेचा एक बारीक तुकडा ठेवावा आणि ज्योत संपूर्ण कडीवर फिरवावी. नुसत्या तुकड्यावर रोखली तर झाळ जोडात न उतरता गोळी होऊन बसते. या तापण्याने तार मऊ पडते, परंतु जोडच उरलेला नसल्याने तिला उघडायला जागा राहत नाही. मोती, लाख आणि बहुतेक खडे ही ज्योत सोसत नाहीत, त्यामुळे झाळायच्या कड्या आधी पूर्ण करून, धुऊन, वाळवून ठेवाव्यात आणि मगच ओवणीला बसावे.