विना नांगरणीच्या शेतावर गावाची शेतीशाळा कशी चालवावी

जमिनीचा कस वर्षागणिक वाढवत नेणारी रिजनरेटिव्ह शेती एका दिवसाच्या शिवारफेरीत कळत नाही. पाहुणे येतात, गांडुळे पाहतात, फोटो काढतात, जेवून जातात आणि पुढच्या हंगामात पूर्वीसारखीच नांगरणी करतात. म्हणून आपल्या शेतावर गावाने शिकावे असे वाटत असेल, तर त्याच लोकांना त्याच वावरात पेरणीपासून काढणीपर्यंत दर पंधरवड्याला ठरलेल्या दिवशी बोलवावे. 1989 मध्ये इंडोनेशियात भातावरील कीड-व्यवस्थापनासाठी सुरू झालेल्या आणि पुढे महाराष्ट्राच्या कृषी विभागानेही स्वीकारलेल्या शेतीशाळेचे मर्म हेच आहे की, शेतकऱ्याने पीक स्वतः निरखावे, इतरांशी चर्चा करावी आणि मग निर्णय घ्यावा.

तुलनेसाठी शेजारी-शेजारी दोन तुकडे हवेत. कोकणातल्या भातशेतीचे उदाहरण घेऊ. रायगड जिल्ह्यातील नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या एसआरटी, म्हणजे सगुणा राइस टेक्निक, पद्धतीत चिखलणी (पाणी साठवून मातीचा चिखल करणे) आणि लावणी दोन्ही टाळतात. कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर लोखंडी साच्याने 25 सेंटिमीटर अंतरावर भोके पाडून बी टोकतात आणि कापणीनंतर भाताची मुळे जमिनीतच राहू देतात. त्याच खाचराच्या उरलेल्या भागात नेहमीप्रमाणे चिखलणी करून लावणी करावी. वाण एकच ठेवावे, नाहीतर फरक पद्धतीचा की बियाण्याचा यावर वाद होतो आणि तो मिटत नाही.

गटात वीस-पंचवीसपेक्षा जास्त माणसे नसावीत. दिवस व वेळ ठरवताना आधी बायकांना विचारावे, कारण भाताची बहुतेक कामे त्याच करतात. सकाळी पाणी, स्वयंपाक आणि गुरे यांतून त्यांची सुटका नसते, आणि बैठक तेव्हाच ठेवली तर समोर फक्त पुरुष बसलेले दिसतात. सावडीची, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबण्याची, रीत ज्या गावात अजून टिकून आहे, तिथे टोकणीचा पहिला दिवस सावडीनेच करावा, म्हणजे साचा प्रत्येकाच्या हाताखालून जातो. शहरातून शिकायला येणाऱ्यांकडून मात्र मजुरांचे काम फुकट करून घेऊ नये. शिकण्याच्या नावाखाली गावातल्या बाईची रोजंदारी बुडत असेल, तर त्या कामात गावाचा सहभाग आहे असे म्हणता येणार नाही.

बैठकीत भाषण कमी आणि मोजणी जास्त असावी. सर्वांत बोलकी चाचणी पाणी मुरण्याची. चिखलणी केलेल्या भागात पाणी मुद्दाम साठवलेले असते, त्यामुळे ही चाचणी तिथे भर पावसात न करता मे महिन्यात आणि पुन्हा कापणीनंतर, खाचर कोरडे असताना करावी. साधारण 15 सेंटिमीटर व्यासाच्या पत्र्याच्या डब्याचे बूड कापावे, तो चार बोटे जमिनीत ठोकावा आणि त्यात 440 मिलिलिटर, म्हणजे अडीच सेंटिमीटर उंचीचे, पाणी ओतून ते मुरायला किती वेळ लागला हे घड्याळावर पाहावे. नंतर दोन्ही तुकड्यांतील एकेक वाळलेले ढेकूळ तारेच्या जाळीवर ठेवून पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत सोडावे. सेंद्रिय कर्ब चांगला असलेल्या मातीचे ढेकूळ आकार टिकवून धरते आणि कमकुवत मातीचे काही मिनिटांतच विरघळून बरणीच्या तळाशी जाते. समोर गढूळ होत जाणारी बरणी पाहून शेतकरी जे प्रश्न विचारतात, तोच त्या दिवसाचा खरा धडा असतो. शाळकरी मुलांसाठी पांढऱ्या सुती कापडाचे सारखे तुकडे दोन्हीकडे वीतभर खोल पुरावेत आणि दोन महिन्यांनी उकरावेत. ज्या मातीत सूक्ष्मजीव अधिक सक्रिय, तिथले कापड अधिक कुजलेले मिळते.

पावसाळ्यात पायाला जखम असलेल्या कोणालाही खाचरात उतरवू नये, कारण दूषित पाण्यातून जखमेवाटे शरीरात शिरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा धोका असतो. गमबूट सर्वांना द्यावेत आणि सर्पदंशावरील प्रतिविषाचे इंजेक्शन कोणत्या दवाखान्यात मिळते हे आधी विचारून ठेवावे.

एसआरटीत तण आवरण्यासाठी ग्लायफोसेटसारखे तणनाशक वापरले जाते आणि सेंद्रिय शेती करणाऱ्या अनेकांना ते मान्य नाही. ही गोष्ट गटापासून लपवू नये. तणनाशकाचा खर्च, खुरपणीची मजुरी आणि आच्छादनाचा पर्याय फळ्यावर शेजारी मांडावेत आणि लोकांना मोकळेपणाने वाद घालू द्यावा. फवारणीच्या दिवशी मात्र बैठक नसावी.

कापणीला दोन्हीकडे 33 फूट लांब व 33 फूट रुंद, म्हणजे एक गुंठा, दोरीने आखून भात वेगवेगळे झोडावे, वाळवून सर्वांसमोर तोलावे आणि आलेल्या वजनाला 40 ने गुणून एकराचा उतारा काढावा. शेजारीच बियाणे, मजुरी, ट्रॅक्टरचे भाडे असा दोन्हीकडचा खर्च लिहावा. पहिल्या वर्षी उतारा कमी आला तरी आकडा जसाच्या तसा फळ्यावर जावा, कारण पडता आकडा लपवणाऱ्या शेतावर गाव पुन्हा येत नाही. भात निघाल्यावर त्याच गादीवाफ्यांवर, जमिनीत ओल असतानाच, वाल किंवा हरभरा टोकण्यासाठी गटाला पुन्हा बोलवावे. पुढच्या खरिपात तुलनेचा तुकडा कोणाच्या खाचरात घ्यायचा आणि साचा कोणाकडे ठेवायचा, हे त्या टोकणीच्या दिवशीच ठरवून घ्यावे.