स्टेज पियानोला भरदार, गोल आवाज: बोटापासून स्पीकरपर्यंत

नाट्यगृहात किंवा गणपतीच्या मांडवात डिजिटल पियानो पत्र्यासारखा वाजायला लागला की पहिला हात मिक्सरच्या ईक्यूकडे, म्हणजे खर्ज, मधले आणि वरचे सूर कमीजास्त करणाऱ्या बटणांकडे जातो. बेस वाढतो, ट्रेबल कापली जाते, आणि पातळ आवाज पातळच राहून वर घुमायला लागतो. बहुतेक वेळा बिघाड ईक्यूच्या कितीतरी आधी झालेला असतो: बोटाच्या जोरात, निवडलेल्या टोनमध्ये किंवा चुकीच्या जॅकमध्ये. म्हणून दुरुस्तीही त्याच क्रमाने करावी. आधी पट्ट्या, मग टोन, मग केबल, आणि ईक्यू त्यानंतर.

खऱ्या पियानोतला हातोडा तारेवर जोरात आदळला की त्याचा नमदा कडक होतो आणि स्वरात वरचे उपस्वर वाढतात. चांगल्या डिजिटल पियानोत प्रत्येक स्वर हळू, मध्यम आणि जोरकस अशा वेगवेगळ्या थरांत ध्वनिमुद्रित केलेला असतो, त्यामुळे हा फरकही त्यात उतरतो. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि बेस गिटारच्या गर्दीत आपलं आपल्याला ऐकू आलं नाही की वादक पट्ट्या आपटायला लागतो. मग संपूर्ण कार्यक्रमभर फक्त सगळ्यात जोरकस, म्हणजेच सगळ्यात टोकदार थर वाजत राहतो. इथे हाताचा जोर वाढवण्याऐवजी मॉनिटर, म्हणजे वादकाकडे तोंड केलेला स्पीकर, वाढवून घ्यावा. मध्यम दाबाचा थर मोठ्या व्हॉल्यूमला वाजवणं, गोल आवाजाचं अर्धं काम इथेच होतं.

त्यासाठी टच सेटिंग, म्हणजे पट्टी किती जोराला कसा प्रतिसाद देते ते ठरवणारं सेटिंग, तपासा. हात जड असेल तर ‘हेवी’ किंवा ‘हार्ड’ ठेवा, म्हणजे टोकदार थरापर्यंत पोचायला जास्त जोर लागेल. हार्मोनियम किंवा ऑर्गनवरून आलेल्यांचा हात हलका असतो. त्यांना ‘हेवी’वर आवाज दबलेला वाटतो, त्यांनी ‘मीडियम’वरच राहावं. अंदाजापेक्षा आकडा बरा: पियानो यूएसबीने लॅपटॉपला जोडा आणि कुठल्याही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये मिडी व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली त्याचा आकडा, बघा. ती 1 ते 127 असते. साथीचे कॉर्ड साधारण 60 ते 90 मध्ये पडायला हवेत, 110 च्या वर फक्त मुद्दाम दिलेला ठोका.

टोन निवडताना ‘ब्राइट’, ‘रॉक’ किंवा ‘पॉप’ पियानो टाळा. हे टोन गिटारच्या गोंगाटातून वर यावेत म्हणून मुद्दाम धारदार ठेवलेले असतात. भावगीत, गझल, नाट्यगीत यांना साधा कॉन्सर्ट ग्रँड घ्यावा आणि ब्रिलियन्स, म्हणजे टोनची चकाकी, एक-दोन पायऱ्या खाली आणावा. स्ट्रिंग रेझोनन्स आणि डॅम्पर रेझोनन्स, म्हणजे एका स्वराबरोबर इतर तारांची आणि पॅडल दाबल्यावर सगळ्या तारांची घुमणारी साथ, मध्यावर ठेवा. ते बंद केले की स्वर सुटे सुटे वाजतात, आणि भरीवपणा तिथेच जातो. पॅडल हाफ-पॅडल, म्हणजे अर्धवट दाबलेला पाय, ओळखणारं असावं. चालू-बंद एवढंच जाणणारं पॅडल एकतर सगळं धरून ठेवतं किंवा सगळं तोडतं. पॅडल उलटं चालत असेल, म्हणजे पाय काढल्यावर स्वर लांबत असतील, तर पियानो बंद करा, पॅडल जोडा आणि पाय न ठेवता पुन्हा चालू करा. अनेक पियानो चालू होतानाच पॅडलची दिशा ओळखतात. तरीही उलटंच राहिलं तर पॅडलच्या तळाशी त्यासाठी बटण आहे का ते बघा.

आता सगळ्यात जास्त घात करणारी जागा: मोनो, म्हणजे डावी-उजवी बाजू वेगळी न ठेवता एकच आवाज. पियानोचे टोन दोन किंवा अधिक माइक लावून स्टिरिओत घेतलेले असतात. एकच ध्वनी दोन माइकांपर्यंत किंचित वेगवेगळ्या वेळी पोचतो. डावी आणि उजवी बाजू एकत्र केली की काही कंपनं एकमेकांना खातात, आणि ती नेमकी मधल्या सप्तकातली असली तर पियानो पोकळ होतो. हेडफोनवर घरी सुंदर वाटणारा टोन मांडवात ओळखू येत नाही तो यामुळे. म्हणून सभागृहात पोचल्यावर साऊंडवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: यंत्रणा स्टिरिओ आहे की मोनो? शिवाजी मंदिर असो, दीनानाथ असो वा सोसायटीचं पटांगण, गृहीत काहीच धरू नका.

ही चाचणी घरीच करता येते. फक्त डाव्या, म्हणजे ‘एल/मोनो’ जॅकमधून एका स्पीकरला आवाज द्या (उजवा जॅक रिकामा असला की पियानो दोन्ही बाजू एकत्र मिसळतो) आणि मधल्या दोन सप्तकांतली प्रत्येक काळी-पांढरी पट्टी सारख्या जोराने, सावकाश वाजवत जा. काही स्वर अचानक आक्रसले तर तो टोन मोनोसाठी नाही. यादीत ‘मोनो पियानो’ नावाचा टोन असेल तर तो घ्या. हेडफोनवर तो साधा वाटेल, पण हॉलमध्ये तोच भरतो. नसेल तर दोन्ही जॅकमध्ये केबल लावा आणि मिक्सरला फक्त डावी बाजू द्या. उजव्या जॅकमध्ये केबल असली की पियानो दोन्ही बाजू मिसळत नाही. डाव्या बाजूत खर्ज थोडा जास्त आणि तार सप्तक किंचित मागे येईल, ते ईक्यूने सावरता येतं. खाल्लेली कंपनं मात्र कुठल्याच ईक्यूने परत येत नाहीत.

हेडफोनच्या जॅकमधून मिक्सरला आवाज देण्याची सवय सोडा. स्टिरिओ जॅकची केबल मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये, म्हणजे दोन तारांमधला फरक घेणाऱ्या इनपुटमध्ये, गेली तर मिक्सर डाव्यातून उजवं वजा करतो. दोन्हीत समान असलेलं सगळं, म्हणजे बहुतांश खर्ज आणि स्वराचा गाभा, उडून जातं. उरतो तो फक्त खोलीचा घुमारा.

पियानोपासून डीआय बॉक्सपर्यंतची (वाद्याचा सिग्नल लांबच्या केबलसाठी बॅलन्स्ड करून देणारी डबी) जॅक केबल 5-6 मीटरपेक्षा लांब नको. पुढचा लांब पल्ला डीआयनंतर एक्सएलआर, म्हणजे माइकला लागते त्या तीन पिनांच्या केबलने. पियानोचा सिग्नल लाइन लेव्हलचा, जोमदार असतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर असलेला चांगला पॅसिव्ह डीआय पुरतो आणि तोच हमिंगही तोडतो. आवाज फुटत असेल तर डीआयचा पॅड, म्हणजे सिग्नल कमी करणारं बटण, चालू करा. जनरेटर, लाइटिंग आणि लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डावर आले की 50 आणि 100 हर्ट्झची घरघर येते. तेव्हा डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट, म्हणजे केबलमधली अर्थची जोडणी तोडणारं बटण, दाबा आणि चार्जर काढून बघा. प्लगची अर्थिंगची पिन काढून घरघर घालवणारे भेटतात. हे कुणालाही करू देऊ नका, ओल्या मांडवात त्याने जीव जाऊ शकतो. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेने जॅक काळवंडतात आणि आवाज खरखरत तुटतो. वर्षातून एकदा-दोनदा कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा. तो आणि धातूच्या आवरणाचे जॅक लॅमिंग्टन रोडवर मिळतात.

पियानोचा स्वतःचा व्हॉल्यूम पाऊण ठेवा. कमी ठेवला तर मिक्सरला गेन, म्हणजे येणारा सिग्नल वाढवणारं बटण, वाढवावा लागतो आणि सोबत सूं असा आवाजही वाढतो. सगळ्यात जोरकस कॉर्ड दोन्ही हातांनी वाजवून गेन लावून घ्या. डिजिटल मिक्सरवर त्या वेळी मीटर उणे 10 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान थांबावा.

यानंतर ईक्यू. पूर्ण वाद्यवृंदात 80 ते 100 हर्ट्झखालचं कापा, तिथे बेस गिटार आणि तबल्याचा डग्गा आहेत. एकटा गायक आणि पियानो असेल तर 40 पुरे. ऊब 120 ते 250 हर्ट्झमध्ये असते. लागली तर 2 डेसिबल वाढवा, जास्त नको. चिखल 250 ते 400 मध्ये होतो, तिथे 2-3 डेसिबल कमी. कानाला टोचणारी धार 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये असते. तिथेच गायकाचे शब्दही असल्याने 3 डेसिबल उतरवल्यावर दोघंही सुटतात. ट्रेबलचं बटण सरसकट खाली करू नका, त्याने पियानो गोल होत नाही, फक्त कोंदट होतो. रिव्हर्ब, म्हणजे यंत्राने दिलेला घुमारा, घरी लागतो त्याच्या निम्माच ठेवा, कारण हॉल स्वतःचा घुमारा देतोच.

स्पीकर 10 किंवा 12 इंची, पूर्ण पल्ल्याचा हवा. गिटारचा ॲम्प्लिफायर 5 किलोहर्ट्झच्या आसपास थकतो, तो पियानोसाठी वापरू नये. पोकळ लाकडी रंगमंचावर स्पीकर थेट ठेवला तर फळ्या घुमतात. स्टँडवर, कानाच्या उंचीला आणा. छोट्या खोलीत उलट करा: भिंतीजवळ सरकवलेला स्पीकर फुकटात खर्ज देतो. कोपऱ्यात मात्र तो जास्तच होतो.

डाव्या हाताकडेही लक्ष द्या. मध्य ‘सी’च्या खाली एका सप्तकापेक्षा जास्त गेल्यावर जवळजवळचे तीन स्वर एकदम धरले की गढूळ होतं. तिथे षड्ज-पंचम किंवा नुसता षड्ज ठेवा, गांधार उजव्या हाताला वर द्या. बेस गिटार असेल तर खर्जातले षड्जही त्याच्याकडे सोडा. पियानो कमी वाजूनही मोठा वाटेल.

सोबत हार्मोनियम असेल तर साऊंडचेकच्या आधी तिच्याशी सूर जुळवा. पेटीचे सूर रंगमंचावर हलत नाहीत, पियानोचा मास्टर ट्यून, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली करणारं सेटिंग, हलतो. पेटीचा ‘ए’ 442 हर्ट्झला आणि पियानोचा 440 ला असला तर त्या स्वरावर सेकंदाला दोन लाटा येतात, म्हणजे आवाज दोनदा चढतो-उतरतो, वरच्या सप्तकात चार, आणि एवढी मेहनत करून गोल केलेला आवाज बेसूर वाटतो. गायक काळी चारला गाणार असेल तर त्याच पट्टीतला षड्ज-पंचम पेटीवर धरायला सांगा आणि लाटा थांबेपर्यंत मास्टर ट्यून एकेक पायरी सरकवा. मगच साऊंडवाल्याला सांगून मधल्या रांगेत जा, दुसऱ्या कुणाला तरी पियानोवर बसवा आणि तिथून ऐका.